देनेब स्वस्थ बसत नाही

साळूबाईंची यशोदा एम.एस्सी. झाली तरी विंचूरच्या घराच्या धाब्यावरून खाली यायला तयार नव्हती. १९७८ साल होतं. दिवेलागण झाली की ती दुर्बीण लावायची, मागे एकाच दिशेत डोलणारा प्रकाश पुढे सोडणारी पोलरॉइडची काचेची चकती फिरवायची आणि हंस तारकासमूहातल्या देनेबचा प्रकाश मोजायची. देनेब म्हणजे अवाढव्य तारा. तो अंगावरचा वायू बाहेर फेकतो, तोही एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. म्हणून त्या वायूवरून विखुरलेल्या त्याच्या प्रकाशलहरी एका दिशेत किंचित जास्त डोलतात, आणि हे डोलणं दिवसागणिक बदलतं, असं यशोदाचे आकडे सांगत होते. ते सिद्ध झालं तरच तिचा प्रबंध उभा राहणार होता.

दसरा झाला आणि तिचे मार्गदर्शक गायधनी सर नाशिकहून आले. त्यांनी चकती उन्हात धरली आणि कपाळावर हात मारला. काचेवर हळदीकुंकवाचं चांगलं ठसठशीत बोट होतं.

"म्याच लावलं," साळूबाई म्हणाल्या. "खंडेनवमीला नांगर, इळे, समद्याला लावलं. पोरीचं हत्यार तेवढं तसंच ठिवू का?"

"मग पोरीनं ताऱ्याऐवजी तुमचं कुंकूच मोजलं! त्याआधी काय काय लावलंत, देव जाणे. वर्षाचं काम पाण्यात."

साळूबाईंचं तोंड एवढंसं झालं. यशोदाला आईचा राग आला, पण तिच्याकडे बघवेनाही. तेवढ्यात तिला आठवलं. सरांच्याच हट्टापायी ती रोज देनेबशेजारचा एक गरीब, कधी न बदलणारा तारा पडताळ्यासाठी मोजायची. ते आकडे मांडायचा तिनं निव्वळ कंटाळा केला होता.

ती ओट्यावर आलेखाचा कागद पसरून बसली. चहा निवून गेला. शेजारचा तारा वर्षभर एका रेषेत होता. नवमीला त्यानं एकच उडी मारली आणि त्या नव्या पातळीवर पुन्हा सरळ चालू लागला.

"ही उडी म्हणजे आईचं कुंकू," ती म्हणाली आणि तेवढी तफावत देनेबच्या नवमीपासूनच्या आकड्यांतून वजा केली. तरी देनेब डोलतच होता, नवमीच्या आधीही आणि नंतरही.

सरांनी गणित दोनदा तपासलं आणि मोठ्यानं हसले. "यशोदा, तुझा तारा खरंच बदलतो! लिहायला घे."

यशोदानं आईला कडकडून मिठी मारली.

"मंग मलाबी दाव की त्यो," साळूबाई म्हणाल्या. अंधार पडताच त्या धापा टाकत धाब्यावर चढल्या आणि बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून राहिल्या.

"लय शांत दिसतो गं."

"दिसतो खरा," यशोदा म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.