मापाचा ओटा

कोप्पीकर रोडवरच्या डॉ. सुमंतांच्या लॅबला नवं रूप आलं. पेशंट आधी ग्रॅनाइटचा नवा ओटा बघत, मग रक्ताला हात पुढे करत. डॉक्टर बेहद्द खूश! ओट्याची उंची त्यांनी स्वतः उभं राहून, आपल्याच मापानं मिस्त्रीला दिली होती. जुनी स्टुलं माळ्यावर टाकली होती. पेशंटसमोर आपली माणसं बसलेली बरी दिसत नाहीत, असं त्यांचं ठाम मत.

आणि आज भाग्यलक्ष्मी, त्यांची सर्वांत जुनी तंत्रज्ञ, नोकरी सोडते म्हणाली.

"सर, कंबर धरते. खांदे भाकरीसुद्धा थापू देत नाहीत."

"पगार वाढवून हवा ना? सरळ बोला की!"

तिचे डोळे भरले. ते पुसून ती कामाला वळली.

केलगेरीहून शुगर तपासायला आलेल्या विमलाअक्कांनी, डॉक्टरांच्या थोरल्या बहिणीनं, हे सगळं ऐकलं.

"सुमंता, तू मायक्रोस्कोपात उभारून बघतोस काय?"

"छे! बसून. मान अवघडते ना."

"तुला मान आहे आणि तिला कंबर नाही होय रे?"

"पण अक्का, लोक काय म्हणतील?"

"लोकांना रिपोर्ट बरोबर पाहिजे. दुखऱ्या हातानं एकाचं रक्त दुसऱ्याच्या नळीत गेलं तर ग्रॅनाइट चाटायचं काय? आमचा ओटा मामंजींनी बांधला, ज्यांनी कधी चहा केला नाही! जन्मभर टाचा उंचावून पोळ्या लाटल्या मी. कुणी विचारलं नाही, मी बोलले नाही. ही बोलली, तर तू पगाराची गोष्ट काढतोस!"

डॉक्टरांनी ओट्याकडे पाहिलं. भाग्यलक्ष्मीची कोपरं खांद्यापर्यंत वर उचललेली होती, आणि ती दात आवळून नळ्या भरत होती. अरेरे! रोज समोर असून हे दिसलं कसं नाही? त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"भाग्यलक्ष्मी, चुकलं माझं. जाऊ नका."

रविवारी शंकर मिस्त्री टेप घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, "मला नको, इथं राबणाऱ्यांना विचार." मग काय, सगळ्यांना कंठ फुटला! कुणाला पाय टेकायला फळी हवी होती, कुणाला नळ्या हाताशी. ओटा खाली आला, पाठ टेकायच्या खुर्च्या आल्या. भाग्यलक्ष्मीनं राजीनाम्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

एका सकाळी एक वकीलसाहेब कुरकुरले, "डॉक्टर, तुमची माणसं बसून काम करायलीत की हो!"

"म्हणून तर हात थरथरत नाही त्यांचा," डॉक्टर हसले. "या, तुम्हीही बसा."

मंडळी, बसलेला माणूस कामचुकार नसतो. जागा बांधायच्या आधी तिथं राबणाऱ्याला एकदा विचारा. त्याच्या सुखातच तुमचं काम चोख होतं!