वाजतगाजत चोरचोळी

सुगंधाबाईंनी सुनेच्या चोरचोळीला डफवाले सांगितले, तेव्हा सावद्याजवळच्या त्या खेड्यात हसून हसून बायकांची पोटं दुखली. चोरचोळी म्हणजे चोरूनच द्यायची. तिसरा महिना लागला की जवळच्या चार बायकांनी दाराआड हिरवी चोळी द्यायची, ओटी भरायची, आणि पोट दिसेपर्यंत गावाला पत्ता लागू द्यायचा नाही. नाहीतर दृष्ट लागते म्हणतात. आणि ही धुळ्याकडची बाई दारात डफ बडवायला लावते!

"माय, झाकली मूठ सव्वा लाखाची असते," मुलगा पितांबर म्हणाला.

"झाकेल मूठमां मनी पोर गुदमरी गयी," सुगंधाबाई म्हणाल्या. रागावल्या की त्यांच्या तोंडी अजूनही माहेरची बोली यायची.

ती पोर म्हणजे धुरपदा. पितांबरची मोठी बहीण, जामनेरला दिलेली. तिची चोरचोळी रीतीप्रमाणे गुपचूप झाली, आणि पुढच्याच महिन्यात अंगावरून जायला लागलं. गर्भ अर्धा पडला, अर्धा आत राहिला. तिथला डॉक्टर हात लावेना. पोट कुणी पाडलं, एवढंच विचारत राहिला, आधी पोलीस येऊ द्या म्हणाला. गर्भ पाडणं तेव्हा गुन्हा होता. बाईचा जीव वाचवायला कायद्यात मोकळीक होती म्हणे, पण जीव जातोय हे ठरवायची छाती त्या डॉक्टरात नव्हती. पोर हौसेचं होतं असं सांगायला घराबाहेर कुणाला ठाऊकच नव्हतं, आणि घरच्यांचा शब्द कोण धरतो? पोलीस आले तोवर धुरपदा गेली होती. सुगंधाबाईंचं रडणं कधीतरी थांबलं. राग मात्र उतरला नाही, आणि तो उतरू नये असाच होता.

म्हणून पितांबरच्या बायकोला, बेबाबाईला, दिवस गेल्याबरोबर त्यांनी कंबर कसली. केळीची लॉरी चालवणाऱ्या नासीरला बजावून ठेवलं, की हाक मारली तर घड असतील तिथे उतरवायचे आणि दारात यायचं. लॉरीत पसरायला गोधड्या बाजूला काढल्या. मग गावचे पोलीस पाटील उखर्डू आबा आणि सावद्याचा मोतीलाल डॉक्टर यांना आवतण दिलं, डॉक्टरच्या बायकोला तर स्वतः जाऊन. खापरावरचे मांडे केले. ओटी डॉक्टरीणबाईंच्या हातून भरवली. बेबाबाई लाजून अर्धी झाली.

"चोरचोयीले पोलीस कायले बोलावला वं?" आणखी एक मांडा ओढत उखर्डू आबा म्हणाले.

"चोरचोळी शे, मंग पोलीस नको का?" सुगंधाबाई म्हणाल्या, आणि पंगत हसली. त्या हसल्या नाहीत.

चौथा महिना सरता सरता, भर दुपारी, ओट्यावर बसलेली बेबाबाई उठेना. लुगडं भिजत चाललं होतं. सुगंधाबाईंनी हंबरडा फोडला नाही, नासीरला हाक फोडली. नासीरनं घड बांधावर टाकले आणि लॉरी आणली. उखर्डू आबा न बोलावता चढले.

सावद्याला मोतीलाल डॉक्टरनं तपासलं आणि त्याचा चेहरा उतरला. "आत राहिलेलं काढावं लागेल. पण आजी, उद्या कुणी म्हटलं मी गर्भ पाडला, तर? आधी पोलिसांत वर्दी द्या."

तेच शब्द. क्षणभर टेबलावर सुगंधाबाईंना धुरपदाच दिसली. मग त्यांनी पदर खोचला.

"डॉक्टर, मांडा कोना पोरना खादात?"

"ते खरं, पण पोलीस..." डॉक्टर म्हणाला.

"पोलीस इथंच उभा हाये," उखर्डू आबा पुढे झाले. "माह्या डोयादेखत डफ वाजला. ज्याले पोर पाडायचं तो गावाले जेवू घालते का? काय लिवायचं ते मी लिवतो. तुम्ही हात चालवा."

आतून डॉक्टरीणबाई आल्या त्या उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊनच. "हिची ओटी मी भरली आहे," नवऱ्याला त्या म्हणाल्या. "कोर्टात मीच उभी राहीन. धुवा हात."

डॉक्टरला लाज वाटली की धीर आला, देव जाणे, पण बाह्या वर गेल्या.

पोर गेलंच होतं. बेबाबाई वाचली. अंगात ताकद आल्यावर नासीरची लॉरी तिला घेऊन निघाली, आणि वेशीजवळ येताच सुगंधाबाईंनी लॉरी थांबवून डफवाले बोलावले.

"पोर गेलं त्या घरी वाजंत्री?" पारावरची एक म्हातारी फणकारली. "लाज नही का वं?"

बेबाबाईनं सासूकडे पाहिलं. सुगंधाबाईंनी तिचा हात घट्ट धरला होता, आणि धुरपदा गेल्यापासून कोरडे पडलेले डोळे वाहत होते.

"पोर फिरी येई, नही उनं तरी चाली," त्या ओरडल्या. "मनी सून जित्ती घर उनी! वाजाडा!"

डफ वाजले. त्या सालापासून त्या गावात चोरचोळी कुणी चोरून केली नाही.