सफरचंदांखालचं आंबोण

नवव्या दिवशीही कॅमेऱ्यात हरीण आलं नाही. एक खार आली होती, वाऱ्यानं हललेली एक फांदी आली होती, आणि सत्यजितचे गुडघ्यापर्यंतचे पाय आले होते.

अदितीनं माऊस असा आपटला की मालिनीताईंच्या कपातला चहा बशीत सांडला.

"हे तर बाबाच आहेत! तीन फोटोंत नुसते बाबांचे पाय. आजी, आय हेट धिस प्रोजेक्ट."

"बूट पुसायला झालेत त्याचे, एवढं तरी कळलं," मालिनीताई म्हणाल्या.

नात हसली नाही. तिनं वही ओढली आणि तीन रकान्यांत तीन शून्यं काढली, अगदी बारीक, दिसली तर दिसली अशी.

मालिनीताई वर्ध्याच्या मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. सप्टेंबरात त्या मुलाकडे अमेरिकेत सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. सत्यजित रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये. त्याच उन्हाळ्यात मुलाच्या कुटुंबानं बेलव्ह्यूचं अपार्टमेंट सोडून नॉर्थ बेंडला, डोंगराच्या पायथ्याशी घर घेतलं होतं. घराचं मागचं कुंपण संपलं की जंगलच. सून आसावरी ऑफिसच्या कामासाठी महिनाभर ओहायोत, डब्लिनला गेलेली. त्यामुळे पाचवीतल्या अदितीचे डबे, वेण्या, रुसवे आणि हे प्रोजेक्ट, सगळं आजीच्या पदरात.

प्रोजेक्ट साधं होतं. हरणं आणि एल्क कुठल्या खाण्याला जास्त येतात? एल्क म्हणजे आपल्याकडच्या रोह्यापेक्षा, नीलगायीपेक्षाही थोराड, फांद्याफांद्यांच्या शिंगांचं जनावर. समोरच्या घरातल्या हॅरल्डनं आपले तीन कॅमेरे उसने दिले होते. झाडाला पट्ट्यानं बांधायची हिरवट पेटी. समोरून काही हललं की आपोआप फोटो निघतो आणि आतल्या कार्डावर साठतो. एका झाडाखाली मिठाची वीट, दुसऱ्याखाली सफरचंदं, तिसऱ्याखाली मका. "चार सफरचंदं, जास्त नको. आणि यादीत नाही ते काही टाकू नका," हॅरल्डनं बजावलं होतं. रोज पावणेचारला शाळेची बस कोपऱ्यावर थांबली की अदिती घरी न येता मागच्या वाटेनं थेट झाडांकडे जायची, कार्डं काढून आणायची आणि दप्तर पाठीवर असतानाच कॉम्प्युटरसमोर बसायची.

"परीक्षितचं कधीच झालं," ती आता म्हणाली. परीक्षित बेलव्ह्यूचा, जुन्या शाळेतला मित्र. "ब्रेड ठेवला, बुरशी आली, डन. आजी, मी इंटरनेटवरून एक एल्क घेऊ? फक्त एक. कोणाला कळणारे?"

मालिनीताईंनी कप खाली ठेवला.

"अदू, आलं नाही तर 'आलं नाही' असं लिहायचं. तेही उत्तरच असतं. आमच्या वर्गात एका मुलीनं प्रयोग न करताच आकडे भरले होते. अख्खी वही पुन्हा लिहायला लावली मी तिला."

"लिहिली तिनं?"

"लिहिली."

"पुअर गर्ल," अदिती म्हणाली, आणि मग टेबलाकडे बघत, हळूच, "मी क्लासमध्ये सांगितलंय की आमच्याकडे एल्क येतात म्हणून. ब्रुक म्हणाली, खोटं बोलतेस. टू वीक्सनंतर थर्सडेला सगळ्यांसमोर दाखवायचंय."

हे मात्र मालिनीताईंना ठाऊक नव्हतं. नव्या शाळेत पोरीचं कुणाशी जमत नाही, बसच्या खिडकीत ती रोज एकटीच दिसते, हे त्यांनी पाहिलं होतं. पण तिनं आपली सगळी पत या न आलेल्या जनावरावर लावलीय, हे आज कळलं. तेव्हापासून त्यांना काही चैन पडेना. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घ्यायच्या, खिडकीशी जायच्या, परत यायच्या. जंगल नुसतं ओलं उभं.

दुसऱ्या दिवशी, घरात कुणी नसताना, त्यांचा हात आपसूकच मोठ्या पातेल्याकडे गेला. त्यांच्या माहेरी गाय अडून बसली, धारेला येईना, की आई आंबोण कालवायची. त्या वासाला गाय दावं ओढत यायची. इथं सरकीची पेंड कुठली मिळायला? पण ओट्स होते, डबाभर दाण्याचा कूट होता, गूळ होता. मालिनीताईंनी गूळ कोमट पाण्यात विरघळवला, मूठभर मीठ टाकलं, सगळं कालवलं, आणि सत्यजितचं जाकीट साडीवर चढवून सफरचंदांच्या झाडाखाली ओतून आल्या. वर पानं सारली.

जागा कळेपर्यंतच, त्यांनी स्वतःला सांगितलं. एकदा वाट सापडली की सफरचंदांवर येतीलच.

आणि जनावरं आली. त्याच दिवशी एक मादी आणि तिची दोन पाडसं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी एल्क! शिंगं चौकटीत मावत नव्हती. अदितीची किंकाळी ऐकून, त्या दिवशी लवकर परतलेला सत्यजित वरून धावत खाली आला.

"बाबा, लुक! लुक ॲट हिम! आजी, तू म्हणाली होतीस ना, धीर धर म्हणून!"

मालिनीताई हसल्या. हसताना त्यांना आपला चेहरा परका वाटला.

त्यांनी एक दिवस आंबोण टाकलं नाही. त्या दिवशी चारही सफरचंदं तशीच पडून राहिली, कॅमेऱ्यात पुन्हा खार. दुसऱ्या दिवशी त्यांनी जरा जास्तच कालवलं. आता हे रोजचंच झालं. बारा वाजता पातेलं घेऊन जायचं, पावणेतीनला पुन्हा, झाडाच्या मागून जाऊन कार्ड घरी आणायचं, कॉम्प्युटरला लावायचं आणि स्वतःचे फोटो पुसून टाकायचे. कारण कॅमेरा काही हरीण आणि आजी असा भेद करत नव्हता. जाकीट, साडी, पांढरे बूट, हातात पातेलं. एका फोटोत तर त्या थेट कॅमेऱ्याकडेच बघत होत्या, चोरी पकडलेल्या मुलीसारख्या. पुसलं की कार्ड तसंच मागून परत पेटीत. बस येण्याआधी.

वहीत अदिती लिहीत होती: सफरचंद एकतीस, मीठ चार, मका दोन. खाली निष्कर्षही लिहून झाला होता, ठळक अक्षरात. ब्रुकनं बसमध्ये शेजारी जागा धरली होती. रात्रीच्या जेवणाला अदितीच्या तोंडात तेवढाच विषय. गुरुवारनंतर बंद करू, मालिनीताई मनात म्हणायच्या. मग वाटायचं, तो निष्कर्ष? तो तर वहीत तसाच राहणार.

शुक्रवारी पावणेतीनला त्या कार्ड आणायला गेल्या, तेव्हा जमीन चाटूनपुसून साफ होती. सफरचंदं नव्हती. पानं चहूकडे उधळलेली. एल्क भारीच भुकेला दिसतोय, त्यांना वाटलं.

घरी येऊन त्यांनी कार्ड लावलं. पहिला फोटो त्यांचा, बारा वाजून दहा मिनिटं. तो पुसायला बोट गेलं आणि नजर पुढच्या फोटोवर पडली.

बारा एकतीस. काळं, गोल, ओल्या घोंगडीसारखं काहीतरी. पुढच्या फोटोत त्याला नाक आलं, त्यावर गुळाचा राप. नंतर ते नुसतं बसलेलंच होतं, फतकल मारून, जेवायच्या पंगतीत बसावं तसं. फोटोमागून फोटो. शेवटच्यात ते झाडांत शिरत होतं. त्यावरची वेळ मालिनीताईंनी तीनदा वाचली: दोन अडतीस.

त्या तिथं पोचल्या होत्या पावणेतीनला.

थंड प्रदेशात अस्वल हिवाळाभर झोपतं, हे त्यांनी सातवीच्या कितीतरी वर्गांना शिकवलं होतं. त्याआधी ते भरपूर खाऊन चरबी साठवतं, असंही त्याच धड्यात एक वाक्य होतं. परीक्षेत त्यावर कधी प्रश्न आला नव्हता. बाहेर ऑक्टोबर चालू होता, आणि त्यांनी रोज बाराच्या ठोक्याला त्याच्यासाठी ताट मांडलं होतं.

घड्याळात तीन वाजले होते. पावणेचारला अदिती त्याच वाटेनं धावत जाणार होती.

क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांच्या मनात आलं: सगळं पुसावं. अस्वलही. आजपासून आंबोण बंद. पोरीला कोपऱ्यावरूनच काहीतरी सांगून घरी आणावं. मग उद्या? उद्या शनिवार, ती दिवसभर तिथंच बागडणार. नुसतं "जाऊ नकोस" म्हटलं तर "का?" विचारणार. त्यांनीच तर "का" विचारायला शिकवलं होतं.

त्यांनी हॅरल्डची बेल वाजवली. ट्रक जागेवर नव्हता, दार कुणी उघडलं नाही. सत्यजितचा फोन मीटिंगमध्ये. मालिनीताईंनी स्टीलचं मोठं ताट आणि लाटणं घेतलं आणि त्या कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या. भुरभुर पाऊस होता. मागच्या वाटेकडे बघत त्यांनी मधूनमधून ताट वाजवलं. कोपऱ्यावरच्या घरातली बाई पडदा सारून बघून गेली.

बस आली. अदिती उतरली आणि जागीच थिजली. वरच्या खिडकीत ब्रुकचा चेहरा काचेला चिकटलेला.

"आजी! व्हाय डू यू हॅव अ प्लेट?" ती दबक्या आवाजात किंचाळली. "सगळे बघतायत!"

"बघू देत. आज मागनं जायचं नाही. तिथं अस्वल आलं होतं."

"अस्वल म्हणजे... बेअर? रिअल बेअर?" अदितीचे डोळे हे एवढे झाले. "फोटो आहे? किती आहेत? ओ माय गॉड, आजी! सफरचंदांना बेअर आलं! धिस इज द बेस्ट प्रोजेक्ट एव्हर!" ती उड्याच मारायला लागली, दप्तरासकट.

बस वळून निघून गेली. मालिनीताईंनी आता नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पोरगी घरात राहिली असती, गुरुवारी सगळा वर्ग तिच्याभोवती जमला असता.

"अदू," त्या म्हणाल्या, "सफरचंदांना नाही आलं ते."

"मग?"

"मी तिथं आंबोण टाकत होते. गायीला घालतात ते. गूळ, कूट, ओट्स. पानांखाली. तुला न सांगता."

अदितीच्या उड्या थांबल्या. "आज टाकलंस?"

"रोज."

"एल्क आला तेव्हा?"

"तेव्हाही."

"आणि हरणं?"

"पहिल्या दिवसापासून. माझे फोटो यायचे त्यात, ते मी पुसत होते."

पाऊस अदितीच्या चष्म्यावर साचत होता. ती पुसत नव्हती.

"तू म्हणालीस झिरो लिहायचा," ती शेवटी म्हणाली. "मी लिहिले झिरो. नाइन डेज. आणि तू..." पुढचं तिला मराठीत सापडेना की इंग्रजीत, कुणास ठाऊक. "म्हणजे मी सगळं खोटं लिहिलं?"

"तू नाही. मी तुला लिहायला लावलं."

ती वळली आणि रस्त्याच्या मधून घराकडे चालू लागली. मालिनीताई दहा पावलं मागे, ताट वाजवत. वाजवणं थांबवायची सोय नव्हती, आणि प्रत्येक ठोक्याला पुढची खांद्यांची जोडी आक्रसत होती.

पाच वाजता हॅरल्ड आला, पाठोपाठ सत्यजित. दोघं फावडं घेऊन गेले, जमिनीचा वरचा थर खरवडून पिशव्यांत भरून आणला, तिन्ही कॅमेरे उतरवले, मीठ आणि मकाही उचलला. हॅरल्डनं फोटो बघितले. रागावला नाही. टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, "गोडाची चव लागलीय त्याला. आठवडाभर चकरा मारेल. कचऱ्याचा डबा गॅरेजमध्ये ठेवा, पोरीला मागं सोडू नका."

"विसरेल ना तो?" मालिनीताईंनी विचारलं.

"विसरला तर बरं. लोकांच्या दारांशी जायला लागला तर कुणीतरी गोळी घालेल."

तो गेल्यावर सत्यजित बूट काढत म्हणाला, "आई, तू? अगं, मी भूगोलाचा नकाशा पुस्तकावरून छापून काढला होता म्हणून तू तो टराटरा फाडला होतास. चौथीत होतो मी."

"तिसरीत," मालिनीताई म्हणाल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या अस्वलासारखा एका धड्यात शिकलेला विद्यार्थी त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता, आणि आता त्यानं विसरावं म्हणून जीव टांगणीला लागला होता. कुंपणापलीकडे काही हललं की त्या काचेला नाक लावून बघायच्या. फांदीच असायची.

मागे खुर्ची सरकली. अदिती वही घेऊन आली होती. दुसऱ्या हातात आसावरीचा केक करायचा वजनकाटा. तो तिनं ओट्यावर ठेवला. आजीकडे बघितलं नाही.

"मिस्टर हॅरल्ड म्हणाले, आता काहीच टाकायचं नाही. म्हणजे मला नवीन डेटा मिळणार नाही," ती काट्याशी बोलावं तशी बोलली. "मग जे झालं तेच लिहायला लागेल. गूळ किती?"

"अंदाजानं घालत होते गं. एक खडा."

"'खडा' नाही लिहिता येत. घेऊन दाखव."

मालिनीताईंनी डब्यातून गुळाचा खडा फोडला आणि काट्यावर ठेवला. अदितीनं आकडा लिहिला. कूट दोन मुठी. तिनं त्या दोन्ही मुठी वेगवेगळ्या मोजल्या, कारण सारख्या भरल्या नाहीत. ओट्स. मीठ.

"रोज एवढंच?"

"नाही. मध्ये एक दिवस टाकलंच नाही. दुसऱ्या दिवशी जास्त टाकलं."

"किती जास्त?"

मालिनीताईंनी पातेल्याकडे बघितलं, आपल्या हाताकडे बघितलं. त्यांना काहीतरी आकडा सांगता आला असता. दीडपट म्हटलं असतं तर पोरीनं दीडपट लिहिलं असतं.

"नाही आठवत," त्या म्हणाल्या.

अदितीनं पहिल्यांदा मान वर केली. चष्म्याआडून बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली, एखाद्या उत्तराला किती गुण द्यावेत हे ठरवताना बघावं तशी. मग वहीत खाली वाकून लिहिलं: आजीला आठवत नाही.

"तारीख सांग," ती म्हणाली. "जास्त टाकलंस त्या दिवसाची."