साहेब ओरडले म्हणजे

मजूर टिकत नाहीत, ही आमच्या धंद्यातली कायमची रड. वीस वर्षं मी बांधकामाचे ठेके घेतोय आणि आजवर एकालाही कामावरून काढलेलं नाही. माणसं आपणच पळून जातात. अंगात आळस, दुसरं काय, असं मी खुशाल म्हणायचो.

माझी मुलगी सुचिता इंजिनियर होऊन माझ्याच कंपनीत आली आणि तिनं साइटवर रोज सकाळी दहा मिनिटांची बैठक सुरू केली. कुणीही काहीही विचारावं, कुणाला बोलणी बसणार नाहीत. मला हसूच यायचं. महिनाभर सगळे माना खाली घालून बसायचे आणि "समदं ठीक हाय" म्हणून उठायचे.

मानोरा गावाजवळ धान्याच्या गोदामाचं काम चालू होतं. पायाची आखणी मी स्वतः करून दिली होती. खड्डे खणून झाले होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांत काँक्रीट पडणार होतं. त्या सकाळी बैठकीत जवळच्या तांड्यावरची सोनीबाई उभी राहिली.

"साहेब, रस्ता तं इकडं हाय अन् दरवाजा नाल्याकडं आखला. ट्रॅक्टर काय उडून येईन?"

माझं डोकंच फिरलं. "तू इंजिनियर झाली काय? घमेलं उचल अन् कामाले लाग!" पार रस्त्यापलीकडं ऐकू गेलं असेल.

ती घमेलं उचलून गेली. सुचितानं नकाशा पसरला. तो उलटा धरून मी आखणी केली होती. देवमन मिस्त्री शेजारीच उभा होता.

"तुले माहीत होतं?"

त्यानं मान डोलावली.

"मंग बोल्ला काहून नाही?"

गडी नुसती थापी पुसत राहिला.

काँक्रीट थांबवलं. खरं सांगतो, लाज वाटली. त्या बाईनं माझी अब्रू वाचवली होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर चूक कबूल करायची आणि तिचं नाव घ्यायचं, असं ठरवून साइटवर गेलो. ती आलीच नव्हती.

"थे आता येत नाही," देवमन म्हणाला. "तुमी काढलं न तिले."

"म्या? कवा?"

"काल ओरडले न. साहेब ओरडले म्हंजे आपलं काम गेलं, उद्या यायचं नाही. समद्यायले माहीत हाय."

मी सुचिताकडं पाहिलं. ती गाडीकडं निघालीच होती.

तसेच दोघं तांड्यावर गेलो. सोनीबाई अंगणात तुरी पाखडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "चूक माही होती. तू बरोबर होती. तुले कोणी काढलं नाही. चाल कामावर."

तिनं हातातलं सूप काही खाली ठेवलं नाही. "अन् उद्या पुन्हा ओरडले तं?"

इथं खोटं बोलून भागणार नव्हतं. वीस वर्षांची सवय एका दिवसात जात नाही.

"ओरडीन," मी म्हणालो. "तरी परवा ये."

शेजारच्या ओट्यावर एक माणूस मघापासून ऐकत बसला होता. नीट पाहिलं तर गुलाबसिंग. सळया बांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तीन वर्षांपूर्वी काम अर्ध्यात टाकून पळाला म्हणून मी त्याला चारचौघांत नावं ठेवली होती. तो उठून जवळ आला.

"साहेब," त्यानं विचारलं, "मंग मीबी येऊ का?"