उपड्या भांड्यावरची बिस्किटं

“अहो, ही नुसती जाळी आहे. ट्रे कुठाय?” ओव्हनमध्ये हात फिरवत बाईंनी विचारलं.

त्यांचे यजमान घड्याळकाका ओट्याखालच्या कपाटात डोकं खुपसून बसले होते. “घर बदलताना गेला वाटतं. सामानवाल्यांनी कशात गुंडाळला, देव जाणे.”

बाईंनी शिवणशाळेत एकतीस वर्षं शिकवलं. आठ महिन्यांपूर्वी काचबिंदूनं त्यांची उरलीसुरली नजरही नेली, तेव्हापासून त्यांनी ओव्हनला हात लावला नव्हता. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून घरी बसलेले काकाच आता रांधत, वाढत आणि वर बोलणीही खात. आज संध्याकाळी त्यांच्या चार जुन्या विद्यार्थिनी भेटायला येणार होत्या. शिवणवर्गाच्या शेवटच्या दिवशी बाईंच्या हातची लोण्याची बिस्किटं त्यांनी खाल्ली होती, आणि फोनवर एकीला त्यांचीच आठवण झाली होती.

“बेकरीतून आणतो, आपल्या डब्यात भरू. कुणाला कळतंय?” काकांनी सकाळी सुचवलं होतं.

“मला कळेल ना,” असं म्हणून बाई भिंतीच्या आधारानं स्वयंपाकघरात आल्या होत्या.

पीठ त्यांनी स्वतः मळलं. तिथं काही अडलं नाही. अडलं ते ट्रेपाशी. काकांनी जाळीवर कागद अंथरला आणि त्यावर बिस्किटं मांडली. पाच मिनिटांत ती गजांमधून खाली लोंबायला लागली.

“कशी दिसतायत?”

“झोळीत निजल्यासारखी,” काका म्हणाले. बाई इतक्या हसल्या, की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं.

दुसरा घाणा स्टीलच्या ताटात घातला. काकांनी घड्याळ समोर ठेवलं. बारा मिनिटं म्हणजे बारा मिनिटं. त्यांचं सगळं आयुष्य काट्यावर गेलेलं. नवव्या मिनिटाला बाई म्हणाल्या, “काढा.”

“अजून तीन मिनिटं आहेत.”

“ताट पातळ आहे हो. वास बघा, खालून लागतंय.”

काकांनी ऐकलं नाही. बारा मिनिटांनी बिस्किटं वरून गोरीपान आणि खालून कोळसा निघाली.

“आता तोंड उघडू नकोस,” काका म्हणाले.

“मी कुठे काय म्हणाले?” बाई म्हणाल्या. मग विचारलं, “केकचं मोठं भांडं आहे का ते? जाड बुडाचं? उपडं घाला. बुडावर फॉइल लावा, आणि बिस्किटं त्यावर मांडा.”

भांड्याच्या पाठीवर एका वेळी सहाच मावत होती. पण ती पसरली नाहीत, लोंबली नाहीत. काकांनी यावेळी घड्याळ खिशात ठेवलं आणि बायकोच्या नाकाकडे बघत उभे राहिले. ते जरा वर झालं. “काढा,” बाई म्हणाल्या. त्यांनी निमूट काढलं.

बाईंनी एक बिस्किट कानाशी धरून मोडलं. कुरकुरीत आवाज आला. “रंग?”

“कडेला बदामी. मधे फिका.”

“मग जमलं.”

दुपारभर सहा-सहा करत डबा भरत आला. शेवटचा घाणा ओव्हनमध्ये असतानाच घंटी वाजली; चौघी अर्धा तास आधीच आल्या. काका दार उघडायला गेले. त्यांच्या मागोमाग चौघी वासाच्या रोखानं थेट स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या आणि थबकल्या.

बाईंनी हातात जाड फडकी घेतली होती. डाव्या हातानं ओट्याची कड चाचपत त्या ओव्हनपाशी गेल्या, वाकल्या, दार उघडलं. गरम वाफ तोंडावर आली तशी मान थोडी बाजूला केली.

“बाई, थांबा, मी काढते,” सगळ्यात धाकटी पुढे झाली. तिचं स्वतःचं शिवणाचं दुकान होतं आता, दोन मुलं होती.

काकांचाही हात पुढे गेलाच होता. त्यांनी तो मागे घेतला आणि तिच्याकडे बघून मानेनंच नको म्हटलं.

बाईंनी दोन्ही हातांनी भांडं उचललं. सरळ झाल्या. टेबल तीन पावलांवर होतं. ती त्यांनी हलक्या आवाजात मोजली. चौघी दाराशी उभ्या होत्या, वर्गात उशिरा आल्यावर आत यायची परवानगी मिळेपर्यंत उभ्या राहायच्या, तशा.