मित्राच्या भिंतीला लावलेला ओळंबा

मित्रांनो, भिंतच वाकडी होती. दार सरळ होतं. आता हे विसरून जा. मी अजून तोंडच उघडलेलं नाही असं समजा, कारण गोष्ट रीतसर सुरुवातीपासून सांगायची माझी पद्धत आहे.

मी एक जुना ओळंबा आहे. पितळेचा, गाजराच्या आकाराचा आणि गाजरापेक्षा कितीतरी विश्वासू. माझ्या डोक्यातून दोरी निघते आणि दोरीवर माझ्याच रुंदीचा एक लाकडी ठोकळा असतो. गवंडी तो ठोकळा भिंतीला वर टेकवतो आणि मला खाली सोडतो. मी भिंतीला हलकेच टेकलो तर भिंत सरळ. मध्ये फट राहिली तर गवंड्याची खैर नाही.

ज्याने मला लेथवर कातलं, तो मला तळहातावर तोलून म्हणाला होता, "हा कधी खोटं बोलायचा नाही." मला विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. नम्रपणा माझ्या धातूतच नाही.

मला विकत घेणारा गवंडी तेव्हा विशीत होता. आम्ही दोघांनी मिळून एक शाळा, एक दवाखाना, पाण्याच्या तीन टाक्या आणि एक असा जिना बांधला, जो कुठेच जात नाही. नकाशाच तसा होता. पण जिना सरळ आहे. इंजिनियर यायचे, मला बघायचे आणि मान डोलवायचे. मी मात्र कधी डोललो नाही. डोलणारा ओळंबा काय कामाचा?

या सगळ्या कामांवर आमच्या सोबत एक सुतार असायचा. जेवायलासुद्धा पाठ ताठ ठेवून बसायचा, म्हणून सगळे त्याला काटकोन म्हणायचे. गवंडी आणि काटकोन दिवसभर एकमेकांना शिव्या द्यायचे आणि एकाच डब्यातून जेवायचे.

मग काटकोनाने स्वतःचं घर बांधायला काढलं. भिंती अर्थातच गवंड्याच्या, दारं काटकोनाची. त्या सकाळी गवंड्याने मला पिशवीतून काढलंच नाही. "मित्राच्या घराला कसला ओळंबा? डोळा आहे की!" असं म्हणून त्याने पुढची भिंत नुसत्या नजरेने चढवली. मी पिशवीत थापीखाली पडून होतो. माझा आक्षेप कोणी नोंदवून घेतला नाही.

दार बसलं आणि आपोआप मिटलं. उघडलं, पुन्हा मिटलं.

"तुझ्या बिजागऱ्या चुकल्या," गवंडी म्हणाला.

"तुझी भिंत बाहेर झुकलीय. लाव ओळंबा," काटकोन म्हणाला.

"माझ्या भिंतीला ओळंबा? तू सांगणार मला?"

गवंडी पिशवी उचलून निघाला, तो पुढची बारा वर्षं निघालेलाच राहिला. त्याने कामही सोडलं. मी कपाटाच्या खणात गेलो. तिथे मी वर्तमानपत्रांवर वजन झालो, एकदा पडद्याची दोरी ओढायला लोंबलो आणि दोन वर्षं नातीच्या बाहुलीचा नवरा होतो. संसार बरा होता.

मग एका सकाळी फोन आला. काटकोन गेला. दुपारी बारा वाजता नेणार होते.

गवंड्याचा मुलगा गाडी चालवायला बसला, मागे सून आणि नात. गवंडी पुढे बसला आणि त्याच्या खिशात मी.

"बाबा, खिशात काय एवढं?" सुनेने विचारलं.

"काही नाही. ओळंबा."

"अंत्यविधीला?"

मुलाने गाडीचा वेग कमी केला. "बाबा, माणूस गेलाय. आता तरी भिंतीचा विषय सोडा."

"माणूस गेलाय. भिंत तिथेच आहे."

नातीने मला मागून घेतलं आणि पुढे वाकून आरशाला टांगलं. गाडीने वेग घेतला आणि मी मागे झुकलो. ब्रेक लागला, पुढे झुकलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी धडधडीत खोटं बोलत होतो आणि तेही कुटुंबासमोर.

"नीट चालव," गवंडी मुलावर खेकसला. "ओळंबा बिघडवशील!"

"आजोबा," नात म्हणाली, "भिंत वाकडी निघाली तर?"

"निघणार नाही."

"पण निघाली तर?"

"आईला विचार, बाटलीत पाणी आहे का."

आम्ही पोहोचलो तेव्हा काटकोन बाहेरच्या खोलीत आडवा होता. आडवा असूनही ताठच. मग चौघांनी त्याला उचललं. दार उघडं राहावं म्हणून त्याला बारा वर्षं एक वीट लावलेली असायची. कोणाचा पाय अडखळू नये म्हणून ती कोणीतरी बाजूला केली.

दार आपोआप मिटलं. थेट काटकोनाच्या पायाशी. चौघे थांबले. सगळं घर गवंड्याकडे बघू लागलं.

गवंडी दार आत ओढून बाहेर गेला. त्याने खिशातून मला काढलं, ठोकळा भिंतीला वर टेकवला आणि मला सोडलं. मी थोडा वेळ हललो. मग स्थिर झालो. मित्रांनो, मी भिंतीला टेकलो नाही. मध्ये चांगली दोन बोटांची फट होती.

तो मला तेव्हाही खिशात घालू शकत होता. कोणाला काही दिसलं नव्हतं.

"भिंत वाकडी आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माझी भिंत. ह्याचं दार सरळ होतं."

मग तो आत आला, पाठीने दार रेटून उभा राहिला आणि मित्राला बाहेर जाऊ दिलं.

नंतर काटकोनाच्या बायकोने त्याला पाण्याचा पेला दिला. "भावजी, दार तासून बसवणं त्यांच्या एका दुपारचं काम होतं. मी रोज मागे लागायचे. तर ते म्हणायचे, दार नीट झालं तर तो भांडायला कशाला येईल?"

गवंड्याने पेला ओठाला लावला, पण पाणी प्यायला नाही. "वहिनी, भिंत मी पाडून नवी बांधून देतो."

"हात लावाल तर बघा!"

तेव्हा मित्रांनो, आपापले ओळंबे वेळेवर बाहेर काढा. फट दोन बोटांची असते, तेव्हाच जाऊन भांडून या. आमचं काम मोजण्याचं आहे, वेळेवर जाण्याचं तुमचं.

माझं म्हणाल, तर मी एक अर्ज केला आहे.

प्रति, पृथ्वी. विषय: किंचित सरकण्याबाबत. महोदया, सदर भिंत पाडण्यास घरधनिणीची मनाई असून खोटे बोलणे अर्जदारास जमत नाही. तरी आपण आपला मध्यबिंदू सदर घराच्या दिशेने आवश्यक तेवढा सरकवावा, जेणेकरून अर्जदारास त्या भिंतीला एकदा टेकता येईल, ही नम्र विनंती.