आधी पापण्या बघा

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मला कुणी रबरी बाहुलीपुढे गुडघे टेकायला लावील, असं वाटलं नव्हतं. मिरजगावात पस्तीस वर्षं माझा दवाखाना आहे. डॉक्टर नृसिंह म्हटलं की आडनाव सांगावं लागत नाही, आणि मी तिरसट आहे हेही सांगावं लागत नाही. नगरला आमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरांसाठी सहा रविवार इमर्जन्सीचं ट्रेनिंग निघालं, तेव्हा माझ्या कंपाउंडरने, गोरक्षने, मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

शिकवायला पुण्याहून डॉक्टर मैत्रेयी यायची. बत्तीस-तेहतीस वर्षांची, माझ्या पुतणीच्या वयाची. पहिल्याच रविवारी तिने बाहुली जमिनीवर ठेवली आणि म्हणाली, "सर, हा माणूस तुमच्या दवाखान्यात येऊन कोसळलाय. करा सुरू."

मी खाली बसलो, बाहुलीचं मनगट धरलं आणि सवयीने विचारलं, "नाव काय? वय?"

"सर, तो गेला," मैत्रेयी म्हणाली. "तुम्ही अजून केसपेपर काढताय."

तीस डॉक्टर खो खो हसले. मी चहा न घेता बाहेर जाऊन उभा राहिलो. परत यायचं नाही असं तिथंच ठरवलं होतं, पण पुढच्या रविवारी सकाळी सहाला गोरक्षने गाडी पुसून दारात लावली. त्याच्यापुढे माझं काही चालत नाही.

तिसऱ्या रविवारी सर्पदंशाचा विषय होता. आता ही पुण्याची पोर मला साप शिकवणार, असं म्हणत मी मागच्या खुर्चीत बसलो.

"मण्यार रात्री अंथरुणात येते," मैत्रेयी सांगू लागली. "चावलेलं कळत नाही. सूज नाही, बहुतेक वेळा खूणही दिसत नाही. माणूस पहाटे पोट धरून उठतो. घरचे म्हणतात, शिळं खाल्लं. आपण पोटाचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतो आणि दुपारपर्यंत त्याचा श्वास थांबतो. म्हणून पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेला माणूस सकाळी पोटदुखी घेऊन आला, की आधी पापण्या बघा. त्या जड होऊन खाली येत असतील, तर थांबू नका."

माझं पेन थांबलं. मला मच्छिंद्र आठवला.

नऊ वर्षांपूर्वी, श्रावणात, तो असाच सकाळी पोट धरून आला होता. रात्री शेडमध्ये खाली झोपला होता. त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते, तेव्हा मी त्याला म्हणालो होतो, "झोप झाली नाही का रे?" शिळं खाल्लं म्हणून चार शब्द सुनावले, इंजेक्शन दिलं आणि पाठवलं. दुपारी तो गेला. त्याच्या बायकोला, छबूबाईला, मी सांगितलं, हार्टचा झटका असणार. मला खरंच तसं वाटलं होतं. उलट तिनेच माझे पाय धरले होते, "तुमी तुमच्या परीनं केलं, डाक्टर," म्हणत. तेव्हापासून तिच्या घरातलं प्रत्येक दुखणं माझ्याकडेच येत होतं.

चहाच्या वेळी मी हे सगळं मैत्रेयीला सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. ती माझी समजूत काढील असं वाटलं होतं. तिने शांतपणे ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "सर, पुढच्या वेळी पापण्या बघा." मला तिचा भयंकर राग आला. पण त्या आठवड्यात मी अँबू बॅग विकत घेतली, म्हणजे मास्क लावून हाताने श्वास द्यायचा फुगा, आणि फ्रीजमध्ये विषावरच्या लशीच्या दहा बाटल्या ठेवल्या. छबूबाईला मात्र काही सांगितलं नाही. रस्त्यात दिसली की मी मान खाली घालायचो.

ट्रेनिंग संपून महिना झाला नसेल. सकाळी साडेसातला छबूबाई दवाखान्यात आली, सोबत तिची लेक निकिता. बाप गेला तेव्हा अकरा वर्षांची होती, आता कॉलेजला जाते.

"डाक्टर, पोरीचं पोट दुखतंय पहाटंपास्नं. एक इंजेक्शान द्या अन् मोकळं करा मला, कांदं लावायला बाया आल्यात."

"रात्री कुठं झोपली होती?"

"शेडातच की, खाली. लई उकडत हुतं."

मी निकिताची हनुवटी धरली. "वर बघ." तिने प्रयत्न केला. कपाळाला आठ्या पडल्या, पण पापण्या अर्ध्यावरच राहिल्या.

"काका, ते क्यालेंडर दोन-दोन दिसतंय," ती म्हणाली. तिची जीभ जड झाली होती.

"गोरक्ष, गाडी काढ!" मी ओरडलो तसा बाहेरचा पेशंट दचकून उठला. "आणि नगरला फोन लाव. मण्यार म्हणून सांग, श्वासाचं मशीन तयार ठेवायला सांग."

काय करायचं ते हातांना ठाऊक होतं. सलाईनमध्ये दहाही बाटल्या घातल्या, रिॲक्शन आली तर द्यायचं इंजेक्शन भरून खिशात ठेवलं, आणि निकिताला मागच्या सीटवर आडवं केलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. छबूबाई पायांशी दाटीवाटीने बसली होती, एका हातात सलाईन उंच धरून.

घोगरगाव मागे पडलं आणि निकिताची छाती हलायची थांबली.

मी तिच्या तोंडावर मास्क दाबला. जबडा वर उचलून धरायला आणि मास्कमधून हवा सुटू न द्यायला माझे दोन्ही हात लागत होते. फुगा दाबायला तिसरा हात नव्हता. बाहुलीवर शिकवताना मैत्रेयी म्हणाली होती, एकटे असाल तर शेजारच्या माणसाच्या हातात फुगा द्या, तो शिकलेला असायची गरज नाही.

"छबूबाई, सलाईन त्या हुकला अडकव. इकडं सरक, हा फुगा धर. मी 'दाब' म्हटलं की दाबायचा, 'सोड' म्हटलं की सोडायचा. छाती वर येते का तेवढं बघ."

"माज्यानं व्हईल का?"

"तुलाच करायचंय. दाब."

तिने दाबला. निकिताची छाती वर आली. "सोड." खाली गेली. "दाब." रुईछत्तिशी गेली, साकत गेलं. पुढे मला बोलावं लागलं नाही, छबूबाई स्वतःच पुटपुटत होती, दाब, सोड, दाब, सोड. रडली नाही. गोरक्षने आयुष्यात इतकी नीट गाडी चालवली नसेल. हॉस्पिटलच्या दारात वॉर्डातल्या पोरांनी तिच्या हातातून फुगा घेतला, तरी तिची बोटं मिटत-उघडत होती.

सहाव्या दिवशी निकिताच्या घशातली नळी काढली. तिने पाणी मागितलं. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. देवाचे, मैत्रेयीचे, त्या आगाऊ गोरक्षचे, सगळ्यांचे उपकार एकदम दाटून आले आणि मी रुमाल काढला. छबूबाई शेजारी येऊन बसली. "डाक्टर, तुमी लेक दिली मला," ती म्हणाली.

तिचं ते बोलणं मला सहन होईना.

"छबूबाई, मच्छिंद्रला झटका नव्हता आला," मी म्हणालो. "त्यालाही मण्यारच चावली होती, असं आता मला वाटतं. असंच पोट, असेच डोळे. मी ओळखलं नाही. इंजेक्शन देऊन घरी पाठवलं."

तिने समोरच्या भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "नऊ वर्सं मी त्यांनाच बोल लावला. तंबाखू खायचे म्हून गेले म्हनत हुते. फोटूला हार घालताना बी बोलायची." पदराने तोंड पुसून तिने विचारलं, "तवा तुमाला हे कुनी शिकिवलं न्हवतं?"

"नाही."

"आन् आता कुनी शिकिवलं?"

"आहे एक पुण्याची मुलगी. पुढच्या महिन्यात परत येणार आहे, नव्या डॉक्टरांना शिकवायला."

"मला न्या तिच्याकडं," छबूबाई म्हणाली. "आन् त्या डाक्टर लोकांस्नी निकिताचं सांगाल, तवा त्यांचं बी सांगा. झाकू नगा."

त्या रविवारी गोरक्षने आम्हा तिघांना नगरला नेलं. छबूबाईने मैत्रेयीच्या हातात घरच्या शेंगदाण्यांची पिशवी दिली, तिच्या गालावरून हात फिरवला, आणि माझ्याच त्या मागच्या खुर्चीत निकिताला घेऊन बसली. खोलीत तीस अनोळखी डॉक्टर होते, बरेचसे माझ्याच वयाचे, तसेच कुरकुरे चेहरे. मैत्रेयीने मला पुढे बोलावलं. मी मागच्या खुर्चीकडे पाहिलं. छबूबाईने मान हलवली.

"माझ्या पेशंटची केस सांगतो," मी म्हणालो. "नाव मच्छिंद्र. वय एकेचाळीस."